गुणीला लागलेला खिळा

जयवंत तळवडेकराला एका जागी बसणं कधी जमलंच नाही. परळच्या गिरणीत चौदा वर्षं तो साचेखात्यात होता. चार माग एकट्याने सांभाळायचे, म्हणजे आठ तास नुसती धावाधाव. इथे धागा तुटला, तिथे कांडी संपली. पायांना ती सवय लागली ती लागलीच. मागांच्या खडखडाटात कानही अर्धे गेले होते, त्यामुळे तो साधं पाणी मागायचा तरी शेजारच्या खोलीला ऐकू जायचं. "हळू बोला हो," त्याची बायको सुनंदा म्हणायची, "मी हयच आसंय."

ब्याऐंशीच्या संपात गिरणीची फाटकं बंद झाली आणि जयवंतचे पाय मोकळे सुटले. घाटकोपरच्या भटवाडीत, टेकडीच्या उतारावर त्याची खोली होती. सकाळी उठून तो टेकडी उतरायचा, स्टेशनपर्यंत जायचा, परत यायचा, पुन्हा उतरायचा. सुनंदाने घरात खानावळ सुरू केली होती. तिला मदत करायला बसला की दहा मिनिटांत कांदा अर्धा चिरून तो दाराबाहेर. अशाच एका फेरीत टेकडीच्या पायथ्याशी शिवदासच्या तबेल्यापाशी तो थांबला. शिवदास साताऱ्याकडचा म्हातारा. लग्नाच्या वरातीला घोडी द्यायचा त्याचा धंदा. त्या दिवशी तो एकटाच घोडीचा पाय मांडीवर घेऊन खूर साफ करत होता आणि त्याचे हात लटलट कापत होते.

"धरू काय?" जयवंतने विचारलं.

घोडीने कान मागे टाकले. "धर," शिवदास म्हणाला, "पर वरडू नको. बहिरी न्हाय ती."

तिचं नाव गुणी. पांढरीशुभ्र, नाकपुडीवर तेवढा गुलाबी डाग. कोकणातल्या जयवंतने बैल पाहिले होते, रेडे पाहिले होते. घोडं काय ते वरातीतच. पण त्या दिवसापासून तो रोज तबेल्यात जायला लागला, आणि वर्षभरात शिवदासने त्याला आपल्याजवळचं सगळं दिलं. खूर दिवसातून दोनदा कोरायचे, सकाळी आणि कामावरून आल्यावर. पाणी आधी, दाणा मागून. दाणा एकदम नाही, थोडा थोडा, तीन-चार वेळा. वरातीहून आली की लगेच बांधायची नाही, घाम सुकेपर्यंत हळूहळू फिरवायची. पोटाला कान लावायचा. आत गुडगुड ऐकू आली तर ठीक, पोट मुकं झालं तर डॉक्टर. लग्नघरची माणसं प्रेमाने जिलब्या भरवतात, त्यांचा हात धरायचा, मग तो नवरदेवाचा बाप का असेना. आणि एक गोष्ट शिवदास इतक्या वेळा सांगायचा की जयवंत वैतागायचा.

"खिळा लागला की सुई. धनुर्वाताची. त्याच दिशी. इचार करत बसायचं न्हाय."

"किती वेळा सांगशील, बाबा?"

"तुज्या ध्यानात ऱ्हाईस्तवर."

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीत शिवदासचे हात पार गेले. मुलगी त्याला गावी घेऊन गेली. जाताना त्याने गुणीचा दोर जयवंतच्या हातात दिला, तिच्या मानेवर कपाळ टेकलं आणि मागे न बघता निघाला.

पुढच्या वर्षीचा एप्रिल म्हणजे लग्नांचा नुसता पाऊस. आज मुलुंड, उद्या विक्रोळी, परवा पार अंधेरी. चालून चालून गुणी थकायची, जयवंत मात्र खूश. एका संध्याकाळी मुलुंडहून परतताना ती मागच्या डाव्या पायाने किंचित लंगडायला लागली. तबेल्यात येऊन त्याने खूर उचलला तर तळव्यात, मधल्या मऊ भागाच्या कडेला, मांडवाचा गंजका खिळा. त्याने पकडीने तो उपसला. दोन थेंब काळं रक्त आलं. त्याने जखम धुतली, हळद भरली, वर फडकं बांधलं. सुई उद्या, असं मनात म्हटलं. दुसऱ्या दिवशी विक्रोळीची वरात होती आणि गुणी अजिबात लंगडत नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी एक, संध्याकाळी एक. चौथ्या दिवशी फडकं सुटून पडलं. जखम वरून बुजलेली, कोरडी. सुईचा विचार त्यानंतर दोनतीनदा डोक्यात आला आणि दरवेळी त्याच्या पायांना दुसरीकडे कुठे तरी जायचं होतं.

बाराव्या दिवशी सकाळी त्याने भिजवलेले हरभरे पुढे ठेवले तेव्हा गुणीने मान खाली घातली नाही.

नुसती उभी. चारही पाय पसरून, लाकडी घोड्यासारखी. कान ताठ, एकमेकांकडे वळलेले. शेपूट बाहेर काढून धरलेली. नाकपुड्या फुललेल्या. जयवंतने टोपली उचलून तोंडाजवळ नेली. तिने ओठ हलवले, पण दात उघडलेच नाहीत. दाणे ओठांवरून खाली सांडले.

"काय गो, काय झाला?" तो त्याच्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, आणि घोडीच्या सगळ्या अंगातून एक झटका गेला. मान वर खेचली गेली. डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांतून पांढुरका पडदा सरकून अर्ध्या बुबुळावर आला आणि हळूहळू परत गेला.

जयवंत तिथून जो पळाला तो मुलुंडलाच थांबला. तिथे डॉक्टर वसुधा नाडकर्णी हिचा दवाखाना होता. वडिलोपार्जित घराच्या पडवीत टाकलेला, दोन खोल्यांचा. तिशीही न गाठलेली, कुत्र्यामांजरांची डॉक्टरीण म्हणून मुलुंडकरांना माहीत. पण कॉलेजात ती घोड्यांचं काम मन लावून शिकली होती आणि उपनगरातल्या दोनचार घोडेवाल्यांनी तिला एव्हाना पारखलं होतं. जयवंतचं बोलणं अर्धं ऐकूनच तिने बॅग उचलली. लुनावर मागे बसून जयवंत आला. सारा रस्ता त्याचा गुडघा तिच्या बॅगेवर आपटत होता.

"लुना इथेच कोपऱ्यावर," ती म्हणाली. "आता चालत. आणि तुम्ही एक शब्द बोलायचा नाही."

तबेल्यात शिरून ती आधी नुसती बघत राहिली. मग हलक्या हाताने गुणीची हनुवटी वर केली. पडदा फटकन डोळ्यावर आला.

बाहेर येऊन तिने विचारलं, "गेल्या दोनतीन आठवड्यांत कुठे जखम? खिळा, काच, तार?"

"खिळा लागला होता. मागच्या पायाला. मी लगेच काढला."

"आणि सुई? धनुर्वाताची?"

"दिली," जयवंत म्हणाला. शब्द कसा बाहेर पडला ते त्याचं त्याला कळलं नाही.

"कधी?"

"त्याच दिवशी. त्या... दुसऱ्या एका डॉक्टरकडून."

वसुधाच्या कपाळाला आठी पडली. "विचित्र आहे. लक्षणं सगळी धनुर्वाताची आहेत. पण सुई वेळेवर पडली असेल तर मला आधी दुसरं बघायला हवं. कुणी विष घातलं असेल, किंवा स्नायू धरले असतील." मग तिने प्रश्नांची फैर सुरू केली. काय खाल्लं? उंदरांसाठी काही ठेवलं होतं का? लघवीचा रंग कसा होता? काल किती चालली? ती पुन्हा आत गेली, मांडीचे स्नायू चाचपले, बाहेर आली, लीद पाहिली. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. जयवंत या पायावरून त्या पायावर होत होता. डोक्यात शिवदासचे कापरे हात, आणि समोर ही पोरगी खोट्या उत्तरावर मन लावून विचार करत होती.

"बाई," तो म्हणाला, "नाही दिली."

"काय?"

"सुई. नाही दिली. राहून गेली. मी खोटं बोललो."

वसुधाने त्याच्याकडे एकदाच पाहिलं. रागवायलासुद्धा ती थांबली नाही. "पंधरा मिनिटं घालवलीत," एवढंच म्हणाली आणि बॅग उघडली.

त्या दिवशी तिने जुनी जखम पुन्हा उघडली. वरून बुजलेल्या कातडीखाली काळा, वास मारणारा पू निघाला. तो धुऊन काढला, इंजेक्शनं दिली. धनुर्वाताच्या विषावरची, पेनिसिलीनची, आणि झटके कमी व्हावेत म्हणून गुंगीची. मग त्याला कोपऱ्यावर नेऊन बजावलं.

"ऐका. विष एकदा मज्जातंतूंत बसलं की कुठलंही औषध ते उपटून काढत नाही. औषध पुढचं विष थांबवतं. बसलेलं उतरायला वेळच लागतो. तोवर तिला उभं ठेवायचं. आडवी झाली तर बहुतेक उठायची नाही. तबेल्यात अंधार करा. कानांत कापूस घाला. आवाज नको. उजेडाची तिरीप नको. खरारा नको, हात लावायचा नाही. पाणी आणि पेज छातीच्या उंचीवर टांगा. मान खाली जात नाही तिची, पण दातांच्या फटीतून ओढून घेईल. प्रत्येक झटक्याला तिची ताकद जाते. म्हणून झटका येऊ द्यायचा नाही, हेच मोठं औषध."

"किती दिवस?"

"आठवडा निघाला तर आशा. पुढे तीन आठवडे, जास्तही."

"वाचेल?"

"अर्ध्यापेक्षा जास्त घोडी जातात," ती सरळ म्हणाली.

आवाज नको! ती निघून गेल्यावर जयवंत कोपऱ्यावर उभा राहिला आणि जन्मात पहिल्यांदाच त्याला भटवाडी नीट ऐकू आली. नळावरच्या कळशा. रेडिओ. कुत्री. रिक्षांचे फटफट आवाज. आणि तबेल्याला लागूनच, एका पत्र्याच्या भिंतीपलीकडे, चंद्रप्रकाशचा कारखाना. कारखाना कसला, एक गाळा आणि दोन माणसं. दिवसभर पत्र्याच्या पेट्या ठोकायची. ठण्, ठण्, ठण्. प्रत्येक ठोक्याला आत गुणीचं अंग शहारत होतं.

चंद्रप्रकाश उत्तरेकडचा, पण पंधरा वर्षं घाटकोपरात काढलेला. माणूस वाईट नव्हता. आत येऊन त्याने घोडी पाहिली, कानाला हात लावला, आणि बाहेर आल्यावर म्हणाला, "जयवंतभाई, लगीनसराई आहे. पोरीला पेटी देतात लोक. आज बंद ठेवतो. उद्यापण ठेवतो. पण तीन हप्ते? माझी दोन माणसं काय करतील?"

त्याचं काहीच चुकत नव्हतं. कामाशिवाय माणसाचं काय होतं ते जयवंतला कुणी सांगायची गरज नव्हती. तो दोन पावलं चालला, परत आला, पुन्हा चालला.

"माझ्या खोलीवर चल," तो म्हणाला.

"कशाला?"

"पेट्या ठोकायला. वर, टेकडीवर. इथपर्यंत आवाज येत नाही. पुढची पडवी रिकामी करून देतो."

चंद्रप्रकाश हसला, मग हा थट्टा करत नाही हे त्याला उमगलं. दुपारपर्यंत ऐरण, हातोडे आणि पत्र्याच्या चवडी डोक्यावरून वर गेल्या. सुनंदा तेव्हा बाजारात होती. तिला विचारायचं जयवंतच्या डोक्यातच आलं नाही.

चार वाजता ती तबेल्यापाशी आली ती पदर खोचूनच. दारात जयवंतने दोन्ही हात पुढे करून तिला अडवलं आणि ओठांवर बोट ठेवलं. तिने त्याचा हात झटकला, पोत्याचा पडदा बाजूला केला आणि आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पडदा होता तसा नीट लावला, नवऱ्याचं मनगट धरून त्याला कोपऱ्यापर्यंत ओढत नेलं आणि तिथे तोंड उघडलं.

"ह्या घर माझापण आसा. माका एक शब्द इचारूक नको? पंधरा माणसां जेवतत माझ्याकडे. ती काय पेट्येत बसान जेवतली?"

"सुनंदा, ती मरेल गो."

"ती मरात म्हणान माका येड लागाक होया?" ती थांबली. श्वास घेतला. "तुमची चूक ना ही? सुई नाय दिलास?"

जयवंतने होकारार्थी मान हलवली.

"उद्यापासून तुमचो जेवणाचो डबो येवचो नाय. भूक लागली तर वर येवा आणि त्या ठणठणाटात जेवा," असं म्हणून ती गेली. दुसऱ्या दिवशी बारा वाजता डबा आला. कानांवरून फडकं गच्च बांधून तिने स्वतःच आणला होता. पुढचे तीन आठवडे खानावळीची माणसं हातोड्यांच्या तालावर जेवली, आणि डबा एक दिवसही चुकला नाही.

दशरथ त्याच्या मदतीला आला. दशरथ म्हणजे साचेखात्यातला शेजारच्या मागांवरचा जोडीदार. आता विक्रोळीला एका फॅक्टरीत दुपारपाळीचा वॉचमन. त्याने वाशांना जाड कॅनव्हासचा पट्टा अडकवून गुणीच्या पोटाखालून घेतला; लटकवायला नाही, पाय गेलेच तर टेकायला. दोघांनी फटी चिंध्यांनी बुजवल्या, जमिनीवर पेंढ्याचा हातभर थर केला. आणि दोघंही आत एक शब्द न बोलता बोलत होते. मागांच्या आवाजात कधी कुणाला काही ऐकू गेलं नव्हतं. सगळं खातं बोटांनी आणि ओठांनीच बोलायचं. अंगठा तोंडाकडे म्हणजे पाणी. दोन बोटं फिरवली म्हणजे मुकादम येतोय. तीच बोटं आता डॉक्टरीणबाईंसाठी फिरायला लागली.

बादली बांधून झाल्यावर जयवंतला करण्यासारखं काही उरलं नाही, आणि खरी कसोटी तिथून सुरू झाली.

हात लावायचा नाही. बोलायचं नाही. फेऱ्या मारायच्या नाहीत. पेंढ्यावर पाऊल पडलं तरी घोडीचे कान थरथरायचे. अंधारात एका पोत्यावर बसून नुसतं बघत राहायचं. पहिल्या दिवशी त्याचे पाय इतके वळवळले की त्याने ते दोरीने एकमेकांना बांधून घेतले. घामाचा आणि लिदीचा वास कोंडून राहिलेला. मे महिन्याचा पत्रा वरून तापलेला. उठून बाहेर जावं, मुलुंडपर्यंत धावत जावं, कुणाशी तरी भांडावं, असं त्याला होई. आणि मग गुणीच्या कपाळावरून घामाचा ओघळ डोळ्यात उतरताना दिसे, आणि तो पुसायलासुद्धा हात न्यायचा नाही.

विमानांचं काय करायचं? उतरणारी विमानं घाटकोपरावरून इतकी खाली यायची की कपडे वाळत घालणाऱ्या बायका वर बघायच्यासुद्धा नाहीत. प्रत्येक विमानाला गुणी ताठायची. कापूस थोडाफार कामाला यायचा, गुंगीचं औषध थोडंफार. विमान आलं की जयवंतही तिच्याबरोबर दात आवळायचा आणि ते गेलं की दोघं मिळून सैल व्हायची.

पाचव्या दिवशी तिचे मागचे पाय वाकले. क्षणभर तिचं सगळं वजन पट्ट्यावर आलं, वासा करकरला. जयवंत आणि दशरथ दोन बाजूंनी खांदे देऊन उभे राहिले. डॉक्टरीणबाईंनी शिरेतून सलाईन लावली. तासाभराने गुणीने एक पाय सरळ केला. मग दुसरा. वसुधाचे हात कोपरापर्यंत भिजले होते. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि तिने डोळे मिटून घेतले.

आठव्या दिवशी, उन्हं उतरताना, दशरथ नुकताच पाळीवर गेला होता, आणि जयवंतच्या अर्ध्या कानांनाही ऐकू आलं. ढोल. क्लॅरिनेट. वरात. वरच्या रस्त्याची नाही, खालच्या रस्त्याने, याच गल्लीत वळणारी. एरवी त्या आवाजाने गुणी पाय आपटायची. आता नुसत्या लांबच्या ढोलाने तिची मान मागे ओढली जात होती.

जयवंत धावत सुटला. गल्लीच्या तोंडाशी बँड त्याच्या अंगावरच आला. पुढे श्यामसुंदर, लाल डगल्यातला बँडमास्तर. दोघांनी मिळून पन्नास वराती केल्या असतील. जयवंतला ओरडता येईना, तबेला मागे वीस पावलांवर. त्याने दोन्ही हात पसरले, रस्त्याच्या मधोमध. श्यामसुंदर वाजवतच राहिला. त्याला वाटलं गडी नाचायला आला. तेव्हा जयवंतने त्याच्यासमोर गुडघे टेकले आणि हात जोडले.

क्लॅरिनेट थांबली. ढोल दोन ठोके पुढे जाऊन थांबला.

"काय रे?"

"गुणी," जयवंत कसाबसा कुजबुजला. "धनुर्वात. आवाजाने मरेल. माझी चूक आहे, तिची काही नाही. हात जोडतो, गल्लीतून नुसते चाला."

नवरदेवाचा काका पुढे आला आणि तावातावाने बोलू लागला. आमची वरात, आमचा मान, रस्ता काय तुझ्या बापाचा? श्यामसुंदरने त्याला बाजूला घेतलं. काय सांगितलं कुणास ठाऊक. काका कुरकुरला, मग मागे वळून त्याने सगळ्यांना खूण केली. आणि ती सगळी वरात, जरीच्या साड्या, फेटे, ढोलवाले, नवरदेवाचं घोडं, गल्लीतून मुकाट चालत गेली. नुसता चपलांचा आवाज. एका म्हातारीने तबेल्याच्या दाराकडे बघून नमस्कार केला. पलीकडच्या टोकाला पोचल्यावर बँड पुन्हा सुरू झाला, पण तो जरा जास्तच लांब जाऊन.

आत गुणी घामाने निथळत होती. पण उभी होती.

अकराव्या दिवशी वसुधाने बादलीची दोरी तपासली. "ही कुणी खाली सोडली?"

कुणीच नाही. गुणीनेच मान लांबवून बादली ओढली होती आणि गाठ सरकली होती. वसुधाने जयवंतकडे पाहिलं. चेहरा तसाच गंभीर, पण डोळे भरलेले. "रोज बोटभर खाली सोडा," ती म्हणाली. "बोटभरच. घाई नको." घाई नको, हे आपण कुणाला सांगतोय ते तिला कळलं असावं, कारण तिने ते दोनदा सांगितलं.

पंधराव्या दिवशी गुणीने ओल्या गवताची एक काडी दातांत धरून चावली. त्या करकर आवाजाने जयवंतच्या अंगावर काटा आला. एकविसाव्या दिवशी पोती निघाली आणि घोडी उन्हात आली. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी, पाय आखडलेले. चंद्रप्रकाशची ऐरण खाली आली. वरच्या पडवीला सुनंदाने दोनदा शेण सारवलं आणि तरी कोपऱ्यात पत्र्याच्या चकत्या सापडत राहिल्या.

मग जयवंतने शिवदासला पत्र लिहिलं. तोवर लिहायची हिंमत झाली नव्हती. खिळा, राहून गेलेली सुई, डॉक्टरीणबाईंशी बोललेलं खोटं, सगळं. महिन्याने उत्तर आलं, मुलीच्या अक्षरात. वराती बंद कर म्हणेल असं जयवंतला वाटलं होतं. शिवदासने लिहवलं होतं की त्याच्या तरुणपणी अशाच एका खिळ्याने त्याची पहिली घोडी गेली होती, आणि ती उभीसुद्धा राहिली नव्हती. शेवटी एवढंच: आता पावसात खुरांना डांबर लाव.

गुणी दिवाळीनंतर पुन्हा वरातीला जायला लागली. ढोल अगदी जवळ आला की अंग चोरायची. जयवंत बँडला चार पावलं पुढे ठेवायचा. स्वतःचा आवाजही त्याने उतरवला, म्हणजे उतरवायचा प्रयत्न केला.

पाय मात्र उतरले नाहीत. उलट त्यांना आता दिशा मिळाली. वसुधा म्हणाली होती की धनुर्वाताची लस आधीच टोचून ठेवता येते, खिळा लागायची वाट कशाला बघायची? तेवढं ऐकून हा निघाला. वरात नसेल त्या दिवशी घाटकोपर, मुलुंड, मग अंधेरीला शूटिंगची घोडी ठेवणारे, मालाडला मढ-मार्व्याच्या किनाऱ्यावर माणसं फिरवणारे. कुणाच्याही तबेल्यात शिरायचा, न विचारता खूर उचलायचा, आणि सुरू व्हायचा. लस घेतली काय? किती साली? कार्ड दाखव. खूर कोरलास काय आज? लोक वैतागायचे. एकाने तर त्याच्यावर बादलीभर पाणी ओतलं. जयवंत ओल्या कपड्यांनी बोलतच राहिला.

सत्याऐंशीच्या जानेवारीत वसुधाने अंधेरीच्या एका मैदानात लस टोचायचा दिवस ठेवला. अकरा घोडी आली. जयवंतने सतरांची नावं सांगितली होती, त्यामुळे तो सकाळपासून फाटकाशी अस्वस्थ येरझारा घालत होता. बोरिवलीचा विद्याधर येणारच नाही अशी त्याची खात्री झाली होती. विद्याधरकडे एक तट्टू होतं, बागेत पोरांना फिरवायचं, आणि आदल्या आठवड्यात दोघांचं चांगलंच वाजलं होतं. सुईने जनावर बिघडतं, असं विद्याधरचं ठाम मत.

दुपारी एक वाजता, वसुधा सिरिंज उकळायचं भांडं आवरत असताना, रस्त्याच्या टोकाला विद्याधर दिसला. तट्टू घेऊन तो बोरिवलीहून चालत आला होता. दोघंही धुळीने माखलेले.

"मी तुझ्यासाठी आलेलो नाही," तो लांबूनच ओरडला. "बायको म्हणाली जा, म्हणून आलो. तू गप्प राहणार असशील तर टोचून घेतो, नाहीतर परत चाललो."

जयवंतने तोंड उघडलं, मिटलं, आणि तट्टाजवळ जाऊन खाली बसला. पुढचा उजवा पाय उचलला. खुरात बोराएवढा खडा अडकला होता. त्याने तो काढला, विद्याधरच्या समोर धरला आणि एक शब्दही न बोलता दुसरा पाय उचलला.

"बाई," विद्याधर म्हणाला, "टोचा लवकर. ह्याचं गप्प बसणं ह्याच्या बोलण्यापेक्षा वाईट आहे."